खालची रांग

आमच्या दुकानातल्या संगणकात एक कप्पा आहे, त्याचं नाव ‘मुंडकी’. नाव नणंदेने ठेवलंय. या भागातला जो कोणी एकदा तरी बॅनरवर झळकला, त्याचा फोटो मागची भिंत आणि शेजारचा माणूस कापून त्या कप्प्यात ठेवलेला असतो. वाढदिवस असो की निवडणूक, मुंडकं उचलायचं आणि हवं तिथे चिकटवायचं. माणूस पक्ष बदलतो तेव्हा आम्हाला फारसे कष्ट पडत नाहीत. मुंडकं तेच, हसू तेच, फक्त मागचा रंग बदलतो.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं. ते गेल्यापासून नणंद संगणकावर बसते. मी मागच्या लांब टेबलावर बॅनरच्या कडा दुमडून चिकटवते आणि कोपऱ्यांत पितळी रिंगा ठोकते. माझा नवरा ते बॅनर नेऊन खांबांवर बांधतो. सासऱ्यांचे दोन नियम अजून चालतात. हातात घेतलेलं काम परत आणायचं नाही, हा पहिला. दुसरा असा की दुकानात काय आणि घरात काय, कुणी कुणाला मत विचारायचं नाही. सगळ्या पक्षांचं छापायचं तर कुणाच्या पोटात काय आहे ते पोटातच राहू द्यावं, असं ते म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे भारी सुसंस्कृत वाटलं होतं. आता वाटतं, त्या म्हाताऱ्याने आमच्या तोंडांना कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर घेऊन गेला.

नवऱ्याचं मत विचारायची खरं तर वेळच कधी आली नव्हती. कॉलेजात असल्यापासून तो छत्रीवाला. दुकानात पक्षाचा शब्द काढायचा नाही, पण बाहेर पडला की छत्रीच्या सभांना खुर्च्या मांडणं, छत्रीची पत्रकं वाटणं, सगळं मनापासून. लोक त्याला ‘खांब’ म्हणतात. दिवसभर खांबांवर चढतो म्हणून, आणि इतक्या लोकांनी इतक्या उड्या मारल्या तरी हा जागचा हलला नाही म्हणूनही. मी त्याला चिडवायची, “पायाखाली शिडी आणि डोक्यात छत्री, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.” शिडी म्हणजे समोरच्या पक्षाचं चिन्ह, हे वेगळं सांगायला नको. कधी वैताग आला की, “त्या छत्रीने आपल्याला दिलं काय? भिजायचं ते आपण भिजतोच,” असंही म्हणायची. बायको म्हणून एवढा हक्क मला आहे असं मी धरून चालले होते.

यंदा संसदेची निवडणूक लागली आणि छत्रीवाल्यांना एकदाची याची आठवण झाली. मतदानाच्या दिवशी हा दरवेळी शाळेबाहेरच्या टेबलावर उन्हात बसून चिठ्ठ्या लिहायचा. यंदा मास्तरांनी स्वतः सांगितलं, “या वेळी तू आत बसायचं. पोलिंग एजंट.” मास्तर म्हणजे छत्रीचे इथले अध्यक्ष. पूर्वी शाळेत शिकवायचे, अजूनही माणसाकडे चष्म्याच्या वरून बघतात. ज्या शाळेत हा दोनदा नापास झाला त्याच शाळेच्या वर्गात, पक्षाचा माणूस म्हणून, खुर्चीवर बसायचं! नवऱ्याने नवा पांढरा सदरा शिवून घेतला. रोज संध्याकाळी कपाट उघडून तो नुसता बघायचा. मी बघतेय हे लक्षात आलं की दार लावून टाकायचा. मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं.

मग गॉगलने उडी मारली.

गॉगल हा या भागातला छत्रीचा वजनदार माणूस. घरात, सभेत, लिफ्टमध्येसुद्धा काळा चष्मा लावतो. त्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते कुणालाच कळत नाही, आणि बहुतेक त्याचसाठी लावतो. त्याला तिकीट नाकारलं तशी तो एका दुपारी शिडीवर चढला, आणि पाठोपाठ त्याची सगळी माणसं. तिसरे ते किटलीवाले, ते तर सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे. सगळ्या शहराचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. जो तो दुसऱ्याकडे बघून विचारायचा, हा अजून आहे तिथेच आहे ना? चहाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात, सगळीकडे नवऱ्याला एकच प्रश्न. “काय खांब, तुमचं कधी?” तो हसून सोडून द्यायचा.

पण त्याच आठवड्यात त्याला फोन यायला लागले. एरवी बॅनर गुंडाळता गुंडाळता खांद्यात फोन दाबून बोलणारा माणूस, आता फोन वाजला की उठून जिन्यात जायचा. दार ओढून घ्यायचा. परत आला की चेहरा कोरा. एकदा त्याचा फोन टेबलावर राहिला होता आणि वाजला. मी वाकून नाव वाचलं. गॉगल.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी विचारू शकले असते. पण नियम. आणि खरं सांगायचं तर नियमापेक्षा भीती जास्त होती. हो म्हणाला तर काय करायचं? नाही म्हणाला आणि पटलं नाही तर काय करायचं? नणंदेलाही वास लागला होता. तो जिन्यात गेला की तिचे हात कीबोर्डवर थांबायचे. मी तिच्याकडे बघितलं की ते पुन्हा चालू व्हायचे. हिला काहीतरी ठाऊक आहे, असं मला वाटायला लागलं. शेवटी ती त्याची सख्खी बहीण. माझ्याआधी तिला सांगणार, हे काय मला नवीन होतं?

शिडीच्या मोठ्या सभेचं काम आमच्याकडे आलं ते फोनवरूनच. नणंदेने फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडून गॉगलचा आवाज. “ताई, नवीन काही करत बसू नका. मागच्या महिन्यात छत्रीसाठी केलेली तीच फाईल घ्या. रंग बदला, चिन्ह बदला, वर आमचे नवे साहेब टाका. खालची रांग तीच ठेवा.”

“तीच?” नणंद म्हणाली.

“तीच. सगळे आपलेच तर आहेत.”

फोन बंद झाला. खालच्या रांगेत दहा-बारा कार्यकर्त्यांची मुंडकी होती आणि डावीकडून चौथं माझ्या नवऱ्याचं होतं. हे मला माहीत होतं आणि नणंदेलाही. ती काही बोलली नाही. मीही नाही. माझ्या मनात आलं, ती काढेल. भाऊ गेलेला नसेल तर ती काढेल. आणि नाही काढलं, तर मग समजायचं काय ते.

बॅनर माझ्याकडे नेहमी पालथा येतो, कडा मागून दुमडायच्या असतात म्हणून. पांढरी पाठ वर, चित्र खाली. मी डिंक लावला, कड दाबली, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात रिंग ठोकायच्या निमित्ताने तो कोपरा उलटा केला. पहिला गॉगलचा पुतण्या, जवळजवळ सगळ्या बॅनरवर असतो तसा. दुसरा, तिसरा. चौथा माझा नवरा. डोक्यावर शिडी, चेहऱ्यावर तेच बावळट हसू. लग्नात असं हसला होता.

म्हणजे गेला. म्हणजे सदरा, खुर्ची, ते कपाट उघडून बघणं, सगळं नाटक. आणि बहिणीला ठाऊक होतं, मला नाही.

“काय झालं गं?” नणंदेने मान न वळवता विचारलं.

“काही नाही. रिंग वाकडी बसली.”

“बघू?”

“नको, झाली सरळ.”

ती माझ्याकडे बघत राहिली, नको तितका वेळ. मग संगणकाकडे वळली. मी बाकीच्या रिंगा इतक्या जोरात ठोकल्या की टेबलावरची कात्री नाचत होती.

सकाळी नवरा आला, गुंडाळी खांद्यावर घेतली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही बोलेल, निदान नजर चोरेल. त्याने नेहमीसारखं विचारलं, “दोऱ्या दिल्यास?” आणि गेला. तासाभराने परत आला तो गप्प. जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. ना मला काही म्हणाला, ना बहिणीला. बॅनर मात्र बांधून आला होता. मला आणखी काय पुरावा हवा होता?

दुपारी मास्तर आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“चौकातला बॅनर पाहिला,” ते म्हणाले. “अभिनंदन करायला आलोय.”

नवरा उठून उभा राहिला. शाळेत उभा राहत असेल तसाच. “मास्तर, ते चुकून झालंय.”

“बॅनर कुणी छापला?”

“आम्हीच.”

“जोडला कुणी?”

“हिने.”

“आणि बांधला?”

नवऱ्याने मान खाली घातली. “मीच.”

मास्तरांनी आमच्या तिघांकडे चष्म्याच्या वरून एकेकदा बघून घेतलं. “बहिणीने फोटो लावला, बायकोने रिंगा ठोकल्या, स्वतः नेऊन चौकात बांधला. आणि चुकून? अरे, इतकी चूक कोण करतं?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जायचं होतं तर सांगून जायचंस. आत बसायला मी दुसरा माणूस दिलाय.”

ते गेले, आणि आमच्या घरात इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते झालं. तिघं एकदम ओरडायला लागलो.

“मला न विचारता माझा फोटो ठेवलासच कसा?” नवरा बहिणीवर धावून गेला.

“मला काय माहीत? रोज जिन्यात जाऊन त्याच्याशी कुजबुजत होतास! मला वाटलं, गेलास. आणि सांगायची लाज वाटतेय म्हणून गप्प आहेस.”

“अगं, तो बोलावत होता आणि मी नाही म्हणत होतो! रोज नाही म्हणत होतो! दुकानात पक्ष आणायचा नाही म्हणून जिन्यात जात होतो!”

“मग खांबावर उघडून बघितल्यावर बांधलात कशाला?” मी विचारलं. “फेकून का नाही दिलात?”

तो माझ्याकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम उतरला. “मला वाटलं, तुम्ही दोघींनी ठरवलंय. ताईने त्याला शब्द दिला असेल. तू तर रोजच म्हणतेस, छत्रीने काय दिलं म्हणून. फोटो तुझ्या हाताखालून गेला होता, तू काही बोलली नव्हतीस. मी वर होतो, खाली त्याची पोरं टाळ्या वाजवत होती. घेतलेलं काम परत आणायचं नाही. घरच्यांनीच मला विकलं असेल तर मी कुणासाठी भांडू, असं वाटलं मला.”

नणंद खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मला रडूसुद्धा आलं नाही, इतका संताप आला होता. त्याच्यावर, तिच्यावर, माझ्यावर आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोवर. एका साध्या प्रश्नाने मिटलं असतं सगळं. ‘अहो, तुम्ही गेलात का?’ चार शब्द तोंडातून काढायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण बापाचंच तर जात होतं आमच्या घरात.

तिघंही मास्तरांकडे गेलो, जसं घडलं तसं सांगितलं. जसजसं सांगत गेलो तसतसं ते आमच्याच कानांना खोटं वाटायला लागलं. मास्तर ऐकून म्हणाले, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये सगळं आलं.

मग बॅनर उतरवायला गेलो तर शिडीवाल्यांनी हात लावू दिला नाही. बॅनर त्यांचा, पैसे मोजलेला. पण दोन दिवसांत गॉगललाही संशय आला. खांब मास्तरांकडे कुटुंबासकट जाऊन आला, हे त्याच्या कानावर गेलं होतं. तो स्वतः दुकानात आला. काळ्या काचांतून तो कुणाकडे बघत होता कुणास ठाऊक.

“छत्रीवाल्यांनी माणूस बरा पेरलाय आमच्यात,” तो म्हणाला. “ताई, ते मुंडकं झाका.”

“तुम्हीच तर म्हणालात, रांग तीच ठेवा,” नणंद म्हणाली.

“मी आपल्या माणसांची रांग म्हणालो.” आणि हसला. तेव्हापासून मला वाटतं, त्याने ते मुद्दाम केलं असावं. येत नाही ना, मग तिकडेही राहू नकोस. पुरावा काही नाही. यंदा पुरावा कशालाच नव्हता.

जागा भरायला दुसरं मुंडकं हवं होतं. गॉगलने दुसरा पुतण्या सुचवला. त्याला पुतण्यांची टंचाई नव्हती. नणंदेने फाईलमध्ये ते बसवून बघितलं, तेवढाच तुकडा छापला, मी त्याच्या मागे डिंक लावला आणि नवरा चौकात जाऊन शिडीवर चढला. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तोंडावर त्याने तो पुतण्या चिकटवला. मी खाली शिडी धरून उभी होते. तुकडा जरा अरुंद निघाला. पुतण्याच्या गालामागून नवऱ्याचा उजवा कान बाहेर राहिला.

“कान दिसतोय,” मी खालून म्हणाले.

“राहू दे,” तो म्हणाला.

तो कान मतदानापर्यंत तसाच राहिला, आणि जेवढा सबंध चेहऱ्याचा झाला नव्हता तेवढा त्याचा बोभाटा झाला. टपरीवर लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे. “तोंड इकडे आणलंय, पण कान अजून तिकडेच आहे बरं का.” छत्रीवाले हसायचे, शिडीवालेही हसायचे. निवडणुकीत दोघं एकमताने हसले ते फक्त माझ्या नवऱ्यावर.

मतदानाच्या दिवशी त्याने तो पांढरा सदरा घातला नाही. रोजचा चौकड्याचा घातला. आम्ही दोघं शाळेकडे निघालो. बाहेर छत्रीचं टेबल होतं, पलीकडे शिडीचं. आम्ही जवळ आलो तशी दोन्ही टेबलांवरची बोलणी थांबली. त्याने सवयीने छत्रीच्या टेबलाकडे हात केला. एकानेही हात वर केला नाही. तिथला एक पोरगा, याच्याच हाताखाली चिठ्ठ्या लिहायला शिकलेला, मान खाली घालून कागद चाळत राहिला. आत वर्गात भिंतीलगतच्या खुर्चीवर मास्तरांनी दिलेला दुसरा माणूस बसला होता. तो महिन्यापूर्वी किटलीत होता. नवऱ्याचं नाव वाचलं गेलं तेव्हा त्याने डोळे बारीक करून याच्याकडे असं बघितलं, की हा आता मत टाकतो की चोरतो.

बाहेर आल्यावर माझ्या अगदी जिभेवर होतं. कुणाला दिलंत? आता तर नियमाचीही भीड राहिली नव्हती. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं, मी विचारलं म्हणजे त्याला एकच गोष्ट ऐकू जाणार, की मलाही शंका आहे. आणि शंका होतीच. इतका अपमान झाल्यावर माणूस छत्रीलाच देईल, याची खात्री कोण देणार? मी मूग गिळून चालत राहिले.

निकाल लागला तो असा की कुणालाच पुरेसं मिळालं नाही. आठवडाभर टीव्हीवर आरडाओरडा. किटलीने इकडे पाठिंबा दिला, काढला, तिकडे दिला, पुन्हा काढला. आणि एके सकाळी छत्री आणि शिडी यांनी मिळून सरकार करायचं ठरवलं, देशाच्या हितासाठी. वर मोठी माणसं गळ्यात पडली तशी खाली मास्तर आणि गॉगल एकाच गाडीतून आमच्या दुकानात उतरले. एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत आत आले. मास्तरसुद्धा आत आले.

एकच बॅनर हवा होता, मोठा. दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी. वर मोठे साहेब, खाली दोन्हीकडचे सगळे कार्यकर्ते.

“फाईल तीच घ्या,” गॉगल म्हणाला. “आमची रांग आहे तशी ठेवा, मास्तरांची माणसं बाजूला वाढवा.”

नणंदेने मुद्दाम, स्वच्छ आवाजात विचारलं, “माझ्या भावाला कुठे ठेवू?”

मास्तरांनी गॉगलकडे बघितलं, गॉगलने बहुतेक मास्तरांकडे.

“तो तुमचा ना?” मास्तर म्हणाले.

“छे, तुमचा,” गॉगल म्हणाला.

“मग राहू दे. उगाच वाद नको,” मास्तर म्हणाले, आणि दोघांचं लगेच एकमत झालं. जन्मात एकदाही न हललेला माणूस तेवढा त्या बॅनरवर नसणार होता. नवरा मागे दोऱ्या कापत होता. त्याने सगळं ऐकलं, दोरीच्या टोकाला गाठ मारली आणि पुढची घेतली.

बॅनर निघाला, माझ्याकडे पालथा आला, मी कडा दुमडल्या, रिंगा ठोकल्या. सकाळी तो न्यायला आला. गुंडाळीवर हात ठेवून उभा राहिला.

“यात मी नाहीये ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. ताईंनी तुमच्या देखतच विचारलं की.”

तो हो म्हणेल आणि गुंडाळी उचलेल असं मला वाटलं. त्याने ती जमिनीवर ठेवली, दोरा सोडला आणि सबंध बॅनर दुकानभर उलगडला. गुडघ्यांवर बसून त्याने डावीकडून एकेका मुंडक्यावर बोट ठेवत जायला सुरुवात केली. बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता, हे मला तिथे, भर सकाळी, टेबलापाशी उभ्याउभ्या कळलं. खूप लागलं मला ते.

चौथ्यापाशी त्याचं बोट थांबलं. तिथे दुसरा पुतण्या होता. आणि पुतण्याच्या गालामागे एक उजवा कान होता. आमच्या फाईलमध्ये नणंदेने पुतण्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरच ठेवला होता, खालचा चेहरा काढलाच नव्हता.

“अगंबाई,” नणंद खुर्चीतून उठली. “खालचं मुंडकं काढायचं राहिलं वाटतं.”

“चुकून राहिलं असेल हो,” मी घाईघाईने म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, अगदी मास्तरांनी बघितलं होतं तसं.

“इतकी चूक कोण करतं?” तो म्हणाला.

तेव्हा मीही नणंदेकडेच बघत होते.